पिवडी की गेरू?

दोस्तहो, घराला रंग द्यायचं ठरलं की घरात काय काय होतं ते तुम्हाला सांगायला नकोच. कपाटं खोलीच्या मधोमध येतात, भिंतीवरचे फोटो खाली उतरतात, कॉटखालून जुन्या वह्या निघतात आणि मागच्या वर्षी हरवलेला चेंडूही सापडतो. मग रंगारीकाका शेडकार्ड घेऊन येतात. त्या पुठ्ठ्यावर नखाएवढे शेकडो चौकोन! आई म्हणते, "पिवळा घेऊ." ताई म्हणते, "विटकरी घेऊ." बाबा म्हणतात, "पांढरा द्या आणि मोकळे व्हा." आणि खोलीत जो राहणार असतो, त्याला मात्र कुणी विचारतच नाही. खरं की नाही?

आज आपण हाच प्रश्न घेऊ. समोर दोन रंग आहेत. दोन्ही ऊबदार, दोन्ही आवडलेले. त्यातला एक निवडायचा, तर तो कसा? डोळे मिटून बोट ठेवणं ही झाली एक पद्धत. पण ज्या भिंतींकडे बघत पुढची पाच-सात वर्षं अभ्यास करायचा, झोपायचं, ताप आला की दिवसभर पडून राहायचं, त्यांच्यासाठी जरा डोळे उघडे ठेवून बोट ठेवलेलं बरं!

उदाहरणासाठी दोन खोल्या घेऊ. दोन्ही आपल्या कल्पनेतल्या, पण अशा खोल्या शोधायला गेलात तर चार घरांत एक सापडेल.

पहिली खोली बारामतीत. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, खोलीला एकच खिडकी आणि तीही उत्तरेला. तिथे दोघी बहिणी राहतात. मोठी दहावीला, धाकटी सहावीला. मोठीला हवाय गेरूसारखा लालसर रंग. धाकटीला हवाय पिवडीचा पिवळा.

दुसरी खोली इंदापुरात, त्यांच्या आजीची. जुनं घर, पश्चिमेला मोठी खिडकी, दारही तिकडेच. आजीच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागलाय. दोन्ही घरांचा रंग दिवाळीच्या आधी उरकायचा, असं मामानं ठरवलंय. मामा हिशेबाला पक्का! तो म्हणतो, "एकच रंग ठरवा. मोठा डबा घेतला की स्वस्त पडतो. दोन्हीकडे तोच मारू."

धाकटी हळूच म्हणते, "ताई म्हणेल तोच ठरणार. नेहमी तसंच होतं."

आता बोला! कोणता रंग घ्यायचा?

एकाच रस्त्यावरचे दोन रंग

निवडण्याआधी या दोघांची ओळख करून घेऊ. ओळखीला लांब जायला नको. दर वर्षी संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी अशी गावं घेत इंदापूरला पोचते. त्या दिवसांत या रस्त्यावर भगव्या पताकांची रांग लागते. जुन्या काळी कापड भगवं करायचं तर ते 'काव' लावून करत. काव म्हणजेच गेरू, लाल माती. आणि बारामतीतून वाहणारी कऱ्हा नदी वरच्या बाजूला जेजुरीजवळून येते. तिथे खंडोबाच्या भंडाऱ्यानं पायऱ्या पिवळ्याधमक होतात. तो पिवळा रंग हळदीचा असतो. भिंतीला मात्र हळद लावून चालत नाही. उन्हात ती विटून जाते आणि चुन्याशी गाठ पडली की लाल होते. म्हणून भिंतीसाठी पिवळी माती वापरत. तीच पिवडी.

गंमत म्हणजे पिवडी आणि गेरू या सख्ख्या बहिणी आहेत! दोघींचाही रंग येतो लोखंडामुळे. लोखंड आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंजासारखा लाल पदार्थ होतो, तो गेरूत असतो. त्याच पदार्थात पाण्याचा अंशही बांधला गेला की रंग पिवळा दिसतो, ती पिवडी. पिवडी चांगली तापवली, साधारण अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत, की त्यातलं पाणी निघून जातं आणि पिवळी माती लाल होते. वीटभट्टीवर हे काम रोज चाललेलं असतं. कच्ची वीट मातकट असते, भाजून निघते ती लाल. तिच्यातल्या लोखंडाची ही करामत!

माणसाला हे रंग फार जुन्या काळापासून माहीत आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लोम्बॉस नावाच्या गुहेत, सुमारे 1 लाख वर्षांपूर्वी माणसांनी गेरू कुटून मोठ्या शिंपल्यांत कालवला होता. त्याचे अवशेष सापडले आहेत. आपल्या अजिंठ्याच्या लेण्यांतल्या चित्रांतही लाल आणि पिवळी माती आहे. ती चित्रं दीड हजार वर्षांनंतरही दिसतात, कारण हे मातीचे रंग उजेडानं सहसा विटत नाहीत. शिवाय ते चुन्यात टिकतात. चुना फार तिखट असतो, कितीतरी रंग तो खाऊन टाकतो. पण पिवडी आणि गेरू यांना तो काही करू शकत नाही. म्हणून तर गावोगावच्या चुन्याच्या भिंती पिवडीच्या आणि खालचा पट्टा गेरूचा, अशी जोडी जमली.

आज दुकानात मिळणारे रंग कारखान्यात तयार होतात आणि त्यांची नावंही इंग्रजी असतात. पण आपल्याकडे ऊबदार रंगांना किती सुंदर नावं आहेत, पाहा: हळदी, केशरी, शेंदरी, अबोली, बदामी, गव्हाळ, विटकरी, डाळिंबी! इंदापूरकडे डाळिंबाच्या बागा आहेत, तेव्हा डाळिंबी रंग कसा असतो हे तिथल्या मुलांना सांगायची गरज नाही. शेडकार्ड हातात आलं की प्रत्येक चौकोनाला आपलं नाव देऊन बघा. नाव दिलं की रंग नीट दिसायला लागतो.

ऊबदार म्हणजे गरम का?

इथे मोठ्या माणसांचाही एक गोंधळ होतो. "लालसर रंग नको, खोली तापेल," असं कुणीतरी म्हणतंच. बारामती-इंदापूरकडे उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या घरात जातो. तेव्हा ही भीती खोटी आहे असं म्हणायला जीभ रेटत नाही. पण जरा विचार करा.

घर तापतं ते बाहेरून. छतावर आणि बाहेरच्या भिंतींवर दिवसभर ऊन पडतं, ते ऊन आत झिरपतं. म्हणून गच्ची पांढरी केली तर घर खरोखरच थोडं गार राहतं, कारण पांढरा रंग ऊन परतवून लावतो. आतल्या भिंतीवर थेट ऊन फारसं पडतच नाही. त्यामुळे आतला रंग पिवळा की लाल, यानं खोलीच्या तापमानात जाणवण्यासारखा फरक पडत नाही.

मग 'ऊबदार' हे नाव आलं कुठून? आपल्या मनातून! विस्तव, ऊन, दिवा, निखारा या सगळ्या ऊब देणाऱ्या गोष्टी लाल-पिवळ्या. पाणी, चांदणं, सावली या निळसर. म्हणून तांबडा, केशरी, पिवळा हे ऊबदार झाले आणि निळा, हिरवा हे थंड. विज्ञानाला विचाराल तर उलटाच प्रकार आहे! लाल निखाऱ्यापेक्षा पिवळसर तापलेलं लोखंड जास्त गरम असतं. आकाशातले निळसर तारे तर तांबूस ताऱ्यांहून कितीतरी जास्त तापलेले असतात. तेव्हा 'ऊबदार' हा भिंतीचा गुण नाही, तो बघणाऱ्याला वाटणारा भाव आहे. आणि बघणारा कोण, हे आपल्याला विसरून चालणार नाही.

उजेड कुठून येतो?

आता मुख्य मुद्दा. भीगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. तुमच्यापैकी कुणी पाहिलेही असतील. लांबून भर दुपारी ते जवळजवळ पांढरे वाटतात. तेच पक्षी संध्याकाळच्या तिरप्या उन्हात गुलाबी-केशरी दिसू लागतात. पक्षी काही बदललेले नसतात. बदललेला असतो उजेड. कलत्या सूर्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो, वाटेत त्यातला निळा भाग विखुरला जातो आणि आपल्यापर्यंत तांबूस भाग जास्त पोचतो.

भिंतीचंही अगदी असंच असतं. भिंतीला स्वतःचा उजेड नाही. तिच्यावर जो पडतो, त्यातलाच काही ती परत देते. म्हणून रंग निवडण्याआधी खोलीत उजेड कुठून येतो हे बघायला हवं.

बारामती आणि इंदापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला 18 अंशांच्या जरा पुढे आहेत. त्यामुळे वर्षाचा बराच काळ दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि आपली सावली पायाखाली गडप होते. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत तो किंचित उत्तरेकडे असतो, पण तेव्हा ढगांचंच राज्य! म्हणजे बारामतीच्या त्या उत्तरेच्या खिडकीतून ऊन कमीच येणार. येणार तो आकाशाचा उजेड. शांत, एकसारखा आणि थोडा निळसर.

या निळसर उजेडात गेरू कसा दिसेल? त्यातला लाल फुलणार नाही, तो मातकट, तपकिरी होऊन बसेल. शिवाय गडद रंग उजेड पिऊन टाकतो. फिकट पिवळी भिंत पडलेल्या उजेडातले 100 पैकी साधारण 65 ते 75 भाग परत देते. गडद गेरूची भिंत जेमतेम 20-25 देते. आधीच उजेड कमी, त्यात भिंती उजेडखाऊ! अभ्यासाला दुपारीही दिवा लावावा लागेल.

मग पिवडीच बरी? हो, पण तिलाही एक खोड आहे. लिंबासारखा पिवळा निळसर उजेडात किंचित हिरवट दिसतो. म्हणून उत्तरेच्या खोलीला पिवळा द्यायचा तर ज्यात तांबूस झाक आहे असा, आंब्याच्या रसात दूध घातल्यासारखा घ्यावा.

इंदापूरच्या खोलीची तऱ्हा वेगळी. पश्चिमेची खिडकी, म्हणजे सकाळी खोली सौम्य आणि दुपारी तीननंतर ऊन थेट आत. त्या उन्हात पिवळी भिंत झगझगते. तुमच्या-माझ्या डोळ्यांना ते छान वाटेल. पण मोतीबिंदू असलेल्या डोळ्यात भिंग गढूळ झालेलं असतं, आणि प्रखर उजेड त्यात पसरून सगळं धूसर होतं. गढूळ काचेवर गाडीचा दिवा पडल्यावर कसं होतं, तसं. आजी म्हणते ना, "डोळ्यांवर उजेड येतोय गं!" ते हेच.

पण रात्री उलटा त्रास असतो. वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली लहान होत जाते, भिंग पिवळसर होतं. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानानं साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. म्हणजे सगळी खोली गेरूनं रंगवली तर संध्याकाळनंतर आजीला ती अंधारकोठडीच वाटेल.

पाहिलंत? तेच दोन रंग, पण खोली बदलली, डोळे बदलले, की प्रश्नच बदलतो.

शेजाऱ्याचा गुण

आणखी एक गोष्ट राहिली. ती सांगायला जरा पॅरिसला जाऊ.

तिथे गोबेलँ नावाचा गालिचे आणि चित्रपट्ट विणायचा प्रसिद्ध कारखाना होता. 1824 साली मिशेल शेव्हरूल नावाचा रसायनशास्त्रज्ञ तिथे रंगविभागाचा प्रमुख झाला. विणकरांची तक्रार होती की काळा रंग नीट काळा दिसत नाही. शेव्हरूलनं रंग तपासला. रंगात काहीच खोट नव्हती! मग त्यानं त्या काळ्या धाग्यांच्या शेजारचे धागे पाहिले, आणि कोडं सुटलं. शेजारी कोणता रंग आहे, त्यावर काळ्याचं दिसणं बदलत होतं. पुढे 1839 साली त्यानं यावर मोठा ग्रंथ लिहिला. हा गृहस्थ 102 वर्षं जगला, हे जाता जाता सांगितलेलं बरं.

आपल्या कामाचं यातलं काय? शेडकार्डावर पिवळ्याच्या शेजारी गेरू छापलेला असतो, म्हणून पिवळा जास्त पिवळा आणि गेरू जास्त लाल वाटतो. भिंतीवर मात्र शेजारी असतं हिरवं कपाट, निळी चादर, तपकिरी फरशी. म्हणून दोन नमुने एकाच वेळी शेजारी ठेवून ठरवू नये. एक ठेवावा, दुसरा झाकावा.

आणि चार भिंती एकमेकींवरही रंग उधळतात. पिवळ्या भिंतीवरून उजेड समोरच्या पिवळ्या भिंतीवर जातो, तिथून आणखी पिवळा होऊन परत येतो. म्हणून पुठ्ठ्यावर छान वाटलेला रंग खोलीत भडक होतो. जाणते रंगारीकाका सांगतात ना, "कार्डावर आवडला त्यापेक्षा एक घर फिकट घ्या"? त्यांचं अगदी बरोबर आहे.

मग ठरलं काय?

आता आपल्या दोघी बहिणींकडे येऊ. त्यांनी मामाला सांगितलं, "मामा, तू डबा आणू नकोस. आधी छोटे नमुने आण." मामा कुरकुरला, पण ऐकलं. दोन मोठ्या पुठ्ठ्यांवर दोन रंगांचे दोन-दोन हात दिले, आणि तीन दिवस ते पुठ्ठे बारामतीच्या खोलीत ठेवले.

पहिल्या दिवशी सकाळी मोठी म्हणाली, "गेरूच छान आहे." दुपारी गप्प झाली. दुसऱ्या दिवशी ढग आले. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःच्याच वहीत लिहिलं, 'दुपारी 4 वाजता: चॉकलेटी. उदास.' धाकटीनं काही म्हणायची गरजच पडली नाही. वाद भिंतीनंच मिटवला!

पण गेरू काही घराबाहेर गेला नाही. जुन्या घरांसारखा खाली हातभर उंचीचा गेरूचा पट्टा द्यायचं ठरलं. तिथे पायांचे डाग पडतात, दप्तरं घासतात, ते गेरूवर दिसत नाहीत. वरती आंबरसी पिवळा. आणि अभ्यासाच्या टेबलावर चांगला दिवा.

इंदापूरला गेल्यावर धाकटीनं एक शहाणपणाची गोष्ट केली. तिनं आजीलाच विचारलं, "आजी, तुला कुठला रंग हवा?"

आजी म्हणाली, "रंगाचं काय घेऊन बसलीस पोरी? मला रात्री बटण सापडत नाही. पांढऱ्या भिंतीवर पांढरं बटण. आणि दाराची चौकटसुद्धा भिंतीत मिसळून जाते. परवा खांदा आपटला."

शेडकार्डात हे कुठे असतं का, सांगा बरं? म्हणून तिथे ठरलं ते असं: ज्या भिंतीवर पश्चिमेचं ऊन पडतं, तिला गेरू, म्हणजे दुपारी झगझग होणार नाही. बाकीच्या तीन भिंतींना अगदी फिकट पिवळा, म्हणजे रात्री दिव्याचा उजेड खोलीभर पसरेल. बटणांच्या पाटीभोवती आणि दाराच्या चौकटीला गेरू, म्हणजे लांबूनही दिसेल. खिडकीला पडदा. आणि डोळे तपासायला आजीला घेऊन जायचं काम मामाकडे! रंगानं मोतीबिंदू जात नाही. त्याला डॉक्टरच हवेत.

मामाचा मोठा डबा राहिला तो राहिलाच. पण हिशेब करून पाहिला तेव्हा दोन्ही घरांना मिळून दोन्ही रंग लागणारच होते, फक्त कमी-जास्त मापात. मामा म्हणाला, "एकूण माप तेवढंच की!" आणि हसला.

जुना पिवळा, जुना केशरी: जरा जपून!

हा भाग आई-बाबांनाही वाचून दाखवा.

पूर्वी ऑइलपेंटमध्ये, विशेषतः झगझगीत पिवळ्या, केशरी आणि लाल रंगांत, शिशाची संयुगं घालत. शिसं विषारी असतं. ते सगळ्यांत जास्त लहान मुलांना बाधतं, कारण वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. आपल्या देशात 2016 साली याविषयी नियम झाले. घरगुती रंगांत दहा लाख भागांमध्ये 90 भागांपेक्षा जास्त शिसं चालणार नाही, अशी मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. पण त्याआधी रंगवलेली दारं, खिडक्या, गज, पाळणे अजून कितीतरी घरांत आहेत.

म्हणून जुन्या दारा-खिडक्यांचा रंग कोरडा घासू नये. कोरडं घासलं की धूळ उडते, ती फरशीवर बसते, तिथून हाताला आणि हातावरून तोंडात जाते. पाणी मारून ओलं घासावं. तेव्हा मुलांनी त्या खोलीत थांबू नये. नंतर झाडूनं न झाडता ओल्या फडक्यानं पुसावं. पोपडे निघाले असतील तर धाकट्या भावंडांना त्यांच्याशी खेळू देऊ नका. नवा डबा घेताना त्यावर शिशाबद्दल काय लिहिलंय ते वाचा. आणि घरातला शेंदूर चित्रं रंगवायला कधी घेऊ नका. पारंपरिक शेंदूर हेसुद्धा शिशाचंच संयुग आहे.

चुना कालवताना तर लांबच राहा. तो डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते.

करून पाहा

1. दोन फूट लांब-रुंद असे दोन पुठ्ठे घ्या. कडेनं चार बोटं पांढरी जागा सोडून प्रत्येकावर एक रंग लावा. वाळला की दुसरा हात द्या. ओला रंग आणि वाळलेला रंग सारखे दिसत नाहीत, म्हणून पूर्ण वाळेपर्यंत मत देऊ नका.

2. एक पुठ्ठा खिडकीच्या भिंतीवर, मग समोरच्या, मग बाजूच्या भिंतींवर लावून बघा. त्या वेळी दुसरा पुठ्ठा खोलीबाहेर ठेवा.

3. सकाळी 8, दुपारी 12, संध्याकाळी 6 आणि रात्री दिवा लावून, असं चार वेळा बघा. तीन दिवस. प्रत्येक वेळी वहीत एकच शब्द लिहा: प्रसन्न, भडक, मातकट, उदास, जे वाटेल ते.

4. रात्री बघताना दिवा कोणता आहे तेही लिहा. एलईडी दिव्याच्या खोक्यावर एक आकडा असतो. 2700 किंवा 3000 असेल तर उजेड पिवळसर, 6500 असेल तर निळसर. पिवळसर दिव्यात गेरू खुलतो, निळसर दिव्यात तो कोमेजतो. कधी कधी भिंतीऐवजी नुसता दिवा बदलला तरी काम होतं!

5. भिंतीवर ओल आहे का, लोणा फुटलाय का, ते बघा. असेल तर कुठलाही रंग टिकणार नाही. आधी ओल थांबवायला हवी.

6. आता गणित. खोली 12 फूट लांब, 10 फूट रुंद, 10 फूट उंच. चारही भिंतींची लांबी मिळून 44 फूट, म्हणजे क्षेत्रफळ 440 चौरस फूट. त्यातून 7 बाय 3 चं दार, म्हणजे 21, आणि 4 बाय 4 ची खिडकी, म्हणजे 16, वजा करा. उरले 403. एका लिटरमध्ये किती चौरस फूट होतं ते डब्यावर लिहिलेलं असतं. समजा, दोन हात धरून 100 होत असेल, तर चार लिटरच्या जरा वर लागेल. हा हिशेब बाबांच्या आधी तुम्ही करून दाखवा!

7. शेवटी घरात मतं घ्या. पण एक नियम ठेवा: खोलीत जो राहतो, त्याला दोन मतं. आणि ज्याला डोळ्यांचा त्रास आहे, त्याला आधी विचारायचं. काही मुलांना लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही, हे प्रमाण मुलग्यांमध्ये जास्त असतं. तुमच्या घरात असं कुणी असेल तर त्याला हसू नका. त्याला ती भिंत कशी दिसते ते विचारा. कदाचित तो तुम्हाला गडद आणि फिकट यांतला असा फरक दाखवेल, जो तुमच्या लक्षातही आला नव्हता.

दोस्तहो, पिवडी आणि गेरू यांत चांगली कोण, या प्रश्नाला उत्तर नाही. उत्तर असतं ते एवढ्यालाच: ही खोली कुठे आहे, तिच्यात उजेड कुठून येतो, आणि तिच्यात कोण राहतं. ही तीन उत्तरं मिळाली की रंग जवळजवळ आपोआप ठरतो.

आता तुमचं काम. तुम्ही ज्या खोलीत झोपता तिची खिडकी कोणत्या दिशेला आहे? आज संध्याकाळी सहा वाजता तिच्या भिंतीचा रंग कसा दिसला? आणि घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला रात्री दिव्याचं बटण सापडतं का? तीनही उत्तरं आम्हाला पत्रानं जरूर कळवा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर मात्र पत्र लिहायच्या आधी त्या बटणाभोवती एक रंगीत पट्टी चिकटवून टाका. त्याला दिवाळीची वाट बघायची गरज नाही.

भेटू या पुढच्या आठवड्यात!